भोंगा वाजण्याआधी

"मग माझ्या भोंग्याला ही माणसं का हलत नाहीत, बुवा?"

सोमगिरी बुवा पानाला चुना लावत होते. लावत राहिले.

केतकी राणेला बाराखडी त्यांनीच शिकवली होती, वेशीबाहेरच्या याच मठीत. पुढे ती परदेशात आपत्ती व्यवस्थापन शिकली आणि तिथली नोकरी नाकारून गावी परतली. गावामागच्या डोंगराला भेग पडली होती. दरड सुटली, तर खालच्या वाडीला चपला शोधायलाही वेळ मिळणार नव्हता.

म्हणून तिने तरुण पोरं जमवली. शाळेच्या पडवीत हाताने फिरवायचा भोंगा बसवला. दारोदार फिरून सांगितलं, भोंगा झाला की सगळ्यांनी वेशीबाहेर माळावर यायचं.

सरावाला जे आले, ते हसत आले. "केतक्या, तुझ्या भोंग्यान माझ्या म्हशीचा दूद आटला गो!" म्हणाले, आणि चहा पिऊन परत गेले.

आणि आज गावपळण होती.

काही वर्षांनी एकदा देव कौल देतो आणि अख्खं गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर राहायला जातं. तेवढे दिवस गाव त्यांचं नसतं. कोणाचं असतं, ते कोणी बोलत नाही.

सकाळी निघालेले लोक दुपारच्या आत माळावर होते. झोपड्या उभ्या राहिल्या, चुली पेटल्या. मांजरं टोपल्यांखाली झाकून आणली होती.

"भोंगा नाही, सराव नाही," केतकी म्हणाली. "देवाचा एक शब्द, आणि गाव रिकामं!"

"रिकामं झालं?"

"माणूस न् माणूस बाहेर आहे."

"कोणाला विचारलंस?"

"सगळ्यांना. माळावर फिरून विचारलं."

"म्हणजे जे आले, त्यांना..."

केतकीने वळून गावाकडे पाहिलं.

बुवा उठले. गुरवाने वाटेवर आंब्याच्या पानांची दोरी आडवी बांधली होती. पळण संपेपर्यंत ती कोणी ओलांडायची नाही. बुवांनी काठीने ती वर उचलून धरली.

"बुवानू!" मागून कोणीतरी ओरडलं. "आत आता आपला कोण नाय!"

"ती बघून येईल." मग हलकेच केतकीला म्हणाले, "जा. भोंगा वाजव."

या असल्या गोष्टींना ती भीत नव्हती. ताठ मानेने दोरीखालून आत गेली.

ऊन लख्ख होतं. दारं नुसती लोटलेली. एका अंगणात सूप तसंच पडलं होतं, त्यात निवडायचे तांदूळ, पण टिपायला चिमणी नव्हती. कावळा नव्हता. माडांची झावळंसुद्धा हलत नव्हती. स्वतःच्या चपलांचा आवाज तिला नकोसा वाटू लागला, तेव्हा तिने त्या काढून हातात घेतल्या.

शाळेच्या पडवीत येऊन तिने भोंगा फिरवला. तो रिकाम्या घरांवरून घुमत डोंगरापर्यंत गेला, आणि विरला.

मग खालच्या वाडीतून आवाज आला.

"हय आसंय गो... दार उघडाच आसा."

 पाय मागे वळत होते. तिने ते पुढे टाकले.

शेवटच्या घरात, अंधाऱ्या माजघरात, सुंदरा काकी बसली होती. नवं लुगडं नेसलेली, मांडीवर गाठोडं. तिचे पाय केव्हाच गेले होते. पहिल्या सरावाच्या आधी केतकीनेच तिचे हात हातात घेऊन सांगितलं होतं, "काकी, भोंगा वाजला की तुम्हाला न्यायला मी स्वतः येईन. तोवर जागा सोडायची नाही." सरावाला तिने काकीला नेलंही होतं; आज मात्र विसरली होती.

"इलंस?" काकी म्हणाली. "पुतण्या इल्लो सकाळी. मीच परत धाडलंय तेका. म्हटलंय, माका नेवक माजा माणूस येतला."

गावात एकाच बाईने तिच्या भोंग्यावर विश्वास ठेवला होता.

केतकी पुढे झाली. ती पाठ करून खाली बसली. काकीने गळ्यात हात टाकले.

"मगाशी आमचे हे इल्ले," काकी कानाशी म्हणाली. "दारात उभे ऱ्हवान म्हणाले, चल."

काकीचे यजमान एका पावसाळ्यात याच डोंगराच्या दरडीखाली गेले होते. देहही मिळाला नव्हता.

"मग...?" केतकीने कसंबसं विचारलं.

"मी म्हटलंय, अजून भोंगो वाजाक नाय."

केतकी उठली. उंबऱ्याबाहेर मातीचा ओला चिखल होता. पावसाचे दिवस नव्हते आणि बाकी अंगण कोरडं ठणठणीत होतं. ती तो तुडवत पुढे गेली. वाटेत मागे वळून बघावंसं फार वाटलं. बघितलं नाही.

माळावर पुतण्या धावत आला, रडवेला. "माका वाटला, तू घेवन इलंस तिका..." त्याने काकीला उचलून झोपडीत नेलं.

बुवांनी दोरी खाली सोडली. ती थोडी हलली आणि थांबली.

केतकीच्या पायांना अजून तो चिखल होता.

"बुवा... तिच्या दारात कोण आलं होतं?"

बुवांनी लावून ठेवलेलं पान तिच्या हातावर ठेवलं.

"ज्याला यायला कौल लागत नाही, भोंगाही लागत नाही, तो. पुढच्या वेळी त्याच्या आधी पोच."