कॅसेटमधला खोकला

“सांगा ना मास्तर, दोन्हीतला कुठला चांगला वाजतो?” सौमित्रने विचारलं.

मिरजेचे दगडूमास्तर म्हणजे रेडिओ-अँप्लिफायरचे जुने कारागीर. त्यांनी मान वर केली नाही.

टेबलावर दोन अँप्लिफायर होते. एक मास्तरांनीच तीस वर्षांपूर्वी बांधलेला, सौमित्रच्या वडिलांचा. दुसरा सौमित्रने परवाच पुण्यात घेतलेला, नवा कोरा.

वडील जाऊन वर्ष झालं होतं. घरात जागा एकाचीच होती. हरेल तो उद्या भंगारात जाणार होता.

“तूच सांग की,” मास्तर म्हणाले. “अँप्लिफायरवर लेख लिहितोस म्हणे आता.”

सौमित्र एके काळी मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. कान तयार, त्यात शंकाच नाही. पण त्या कानांचा तोरा केवढा! मास्तरांच्या दुकानात येऊन मास्तरांनाच बेस आणि ट्रेबल समजावून सांगत होता.

मास्तर उठले. मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला. दोन्हींवर चादर टाकली. मग खणातून एक कॅसेट काढली. दुकानात दर गुरुवारी चार मित्र गायला जमत, तेव्हा कधीतरी भरलेली. दुरुस्त झालेला प्रत्येक अँप्लिफायर मास्तर याच कॅसेटवर तपासत.

पेटी, तबला आणि एका म्हाताऱ्याचं भजन. आधी एकावर वाजलं, मग दुसऱ्यावर.

“दुसरा!” सौमित्र ठासून म्हणाला. “पेटी कशी मोकळी आहे बघा. आणि मागे कुणीतरी खोकतंय ना, पहिल्यावर ते सगळ्यात मिसळून जातं. दुसऱ्यावर उजवीकडे, भिंतीला लागून. अगदी बोट ठेवून दाखवतो.”

“दाखव.”

सौमित्रचं बोट भिंतीजवळच्या बाकड्यावर जाऊन थांबलं.

“बरोबर,” मास्तर म्हणाले. “कोण खोकतंय?”

“कोण म्हणजे? असेल कुणीतरी ऐकायला आलेलं.”

मास्तरांनी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली.

भजन. पेटी. मग दोनदा कोरडा खोकला, घसा खाकरणं, आणि हलकंच “वा, वा…”

सौमित्रचं बोट अजून तसंच होतं. ते हळूहळू खाली आलं.

“बाबा…?”

“दर गुरुवारी तिथंच बसायचा.”

वर्षभर डोळ्यांतून टिपूस न काढलेला पोरगा हमसून हमसून रडला. बिचारा! मास्तरांनी त्याला रडू दिलं.

“मास्तर… पुन्हा लावा ना.”

“कशावर?”

“कशावरही लावा हो!”

मास्तरांनी चादर काढलीच नाही. कॅसेट तेवढी मागे घेतली. सौमित्र जाऊन त्या बाकड्यावर मधोमध बसला.

बटणावर बोट ठेवून मास्तर थांबले.

“जरा सरकून बस,” ते म्हणाले. “त्याला जागा ठेव.”