काहीच न घडलेली सतरा वर्षं

फार फार पूर्वी, जेव्हा राजेलोक स्वतः भाजी निवडायचे असं आमची पणजी सांगायची (आणि आम्ही विश्वास ठेवायचो), तेव्हाची ही गोष्ट. एका नदीकाठी एक राज्य होतं. राज्य लहान, पण तिथला राजा मोठा हौशी.

सुगी संपली की तो दरबार भरवायचा आणि सर्वांना एकच प्रश्न विचारायचा, "या वर्षी काय घडलं?" ज्याचं उत्तर सर्वांत भारी, त्याच्या खांद्यावर राजा स्वतःच्या हातांनी मानाचा शेला घालायचा. कोणी वाघ पळवून लावलेला असायचा, कोणी पूल बांधलेला असायचा. आणि गेली सात वर्षं तो शेला सलग एकाच खांद्यावर पडत होता. तो खांदा होता प्रधानजींचा.

प्रधानजी माणूस वाईट नव्हता बरं का. हुशार होता, कष्टाळू होता. फक्त आपल्या कचेरीत आपण एकटेच काम करतो, असं त्याला मनापासून वाटायचं.

वास्तविक कचेरीत आणखी दोघं होती. एक गोंदाजी. तो कागदांची दप्तरं फडक्यात बांधून फळ्यांवर लावायचा आणि मागितलं की काढून द्यायचा. दुसरी अंबूबाई. ती ओसरीवर आल्यागेल्याला बसवायची, पाणी द्यायची, वेळ झाली की आत सोडायची. दोघं सतरा वर्षं तिथं होती. दरबारात त्यांना कोणी कधी काही विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं.

त्या वर्षी प्रधानजींच्या हाती मोठं काम आलं. नदीच्या पाटावर दोन गावं होती, वरची वाडी आणि खालची वाडी. पाण्याच्या पाळीवरून त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. राजानं सांगून टाकलं होतं, "दोन्ही पाटलांनी करारावर शिक्का मारला तरच पाटाचं दार उघडेल." आणि रोपं तर माना टाकू लागली होती. ठरलेल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शिक्के पडले नाहीत, तर दोन्ही वाड्यांचं पीक गेलंच म्हणून समजा.

नेमकी त्याच दिवशी अंबूबाईच्या आणि गोंदाजीच्या गावची जत्रा होती.

"प्रधानजी," आदल्या दिवशी अंबूबाई अदबीनं म्हणाली, "सतरा वर्षांत जत्रा पाहिली नाही. एक दिवस सुटी मिळाली तर..."

"जा की! गोंदाजीलाही घेऊन जा," प्रधानजी उदारपणे म्हणाला. "इथं असं काय आहे मोठं?"

"वाड्यांची माणसं यायची आहेत उद्या. जायच्या आधी दोन गोष्टी सांगून ठेवते."

प्रधानजी हसला. "अगं, मी अख्ख्या राज्याचा कारभार हाकतो. मला ओसरी सांभाळता येणार नाही होय? जा, पोटभर जिलबी खा!"

अंबूबाईनं गोंदाजीकडे पाहिलं, गोंदाजीनं आढ्याकडे पाहिलं, आणि दोघं निघाली.

दुसऱ्या दिवशी प्रधानजीनं स्वतः ओसरी झाडली. दोन्ही गावांनी गोडीगुलाबीनं शेजारी शेजारी बसावं म्हणून एक मोठं कोरं जाजम अंथरलं. आपल्या युक्तीवर तो बेहद्द खूश होता.

माणसं आली. वरच्या वाडीची मंडळी लांबून आलेली, म्हणून त्यानं प्रेमानं त्यांना आधी आत बोलावलं.

खालच्या वाडीचे पाटील दारातच थबकले. "आम्ही काय वरातीमागून आलेली घोडी आहोत?"

कशीबशी समजूत घालून त्यांना आत आणलं, तर जाजमाचा मधला भाग वरच्या वाडीनं पटकावलेला. "म्हणजे आम्ही काठावर?" पुन्हा आवाज चढले. प्रधानजी ताकाचा तांब्या घेऊन धावला आणि घाईत पहिला पेला पुन्हा वरच्या वाडीलाच दिला.

"असू द्या, असू द्या," तो घाम पुसत म्हणाला. "पाळीचा जुना कागद आणतो. तो पाहिला की तंटाच मिटेल."

तो आत गेला आणि फळ्यांपुढं उभा राहिला. शंभर दप्तरं, शंभर फडकी, एकावरही नाव नाही. त्यानं एक सोडलं, दुसरं सोडलं, तेरावं सोडलं. शेवटी पाण्याचा उल्लेख असलेला एक कागद सापडला. तो त्यानं बाहेर आणून मोठ्यानं वाचायला घेतला. तो निघाला राजाच्या आजोबांच्या हत्तीच्या आंघोळीचा कागद!

आधी सगळे खो खो हसले. मग वरच्या वाडीचे पाटील एकाएकी गंभीर झाले. "कागद मुद्दाम दडवला आहे. चला रे!"

"आम्हीच आधी निघतो!" खालच्या वाडीचे पाटील उठले. निघण्यातही चढाओढ. दोन्ही गावं समोरच्या चिंचेखाली जाऊन पागोटी बांधू लागली.

प्रधानजीच्या पायाखालची वाळू सरकली. सूर्य डोक्यावरून कलला होता. शेल्याचं जाऊ द्या, दोन गावांची रोपं त्याच्या एका जाजमापायी वाळणार होती. "तुमच्या पाया पडतो, ताक संपेपर्यंत तरी थांबा," असं दोघांना विनवून त्यानं घोड्यावर मांड ठोकली आणि जत्रा गाठली.

जत्रेत अंबूबाई पाळण्यात बसली होती आणि वर गेली की लहान पोरीसारखी किंचाळत होती. खाली गोंदाजी शेव-चिवड्याचा पुडा सांभाळत उभा होता. प्रधानजीनं सतरा वर्षांत तिला हसताना पाहिलं नव्हतं. क्षणभर तो हाक मारायचंच विसरला.

"अंबूबाई!" पाळणा खाली आला तसा तो ओरडला. "सगळा घोळ झालाय!"

"आधी कोणाला आत बोलावलंत?" ती वर जाता जाता ओरडली.

"वरच्या वाडीला!"

पाळणा पुन्हा खाली आला तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला होता. "आणि जाजम किती?"

"एकच! कोरं!"

"अरे देवा!" म्हणत ती पुन्हा वर गेली.

पाळणा थांबला. प्रधानजी हात जोडून म्हणाला, "आजची सुटी तुमची आहे. हुकूम करायला मला तोंड नाही. पण अंबूबाई, तुम्ही आला नाहीत, गोंदाजी आले नाहीत, तर दोन गावं उपाशी राहतील. विनंती करतो."

इतक्या वर्षांत प्रधानजीच्या तोंडून 'तुम्ही' हा शब्द अंबूबाई पहिल्यांदाच ऐकत होती. तिला हसूही आलं आणि भरूनही आलं. "चला," ती पदर खोचत म्हणाली. "पण मला घोड्यावर बसवा. पायी गेलो तर सूर्य काही आपल्यासाठी थांबायचा नाही."

म्हणून अंबूबाई घोड्यावर बसली, गोंदाजी तिच्या मागं बसला, आणि राज्याचा प्रधान लगाम धरून पळत निघाला. वाटेत ज्यांनी ज्यांनी हे पाहिलं, त्यांना आपली जत्रा दुप्पट झाल्यासारखी वाटली.

कचेरीत पोहोचताच अंबूबाईनं जाजम गुंडाळून ठेवलं. दोन चटया अंथरल्या, मध्ये हातभर जागा सोडली. ओसरीची दोन्ही दारं उघडली. मग चिंचेखाली जाऊन ती एकाला म्हणाली, "पाटील, लेक बाळंत झाली का? काय झालं?" आणि दुसऱ्याला, "दादा, तुमच्या बैलाचा खूर बरा झाला?" दोघंही बोलता बोलता तिच्यासोबत ओसरीकडे चालू लागले, आणि दोन दारांतून एकाच वेळी आत आले. तिनं दोन हातांत दोन तांबे धरले आणि एकाच वेळी दोन पेले भरले.

तिकडे गोंदाजीनं पुड्यातला शेवेचा घास चावून संपायच्या आत पाळीचा कागद आणून ठेवला.

"सापडला कसा?" प्रधानजी थक्क झाला.

"सोपं आहे. नदी वाहते तशी दप्तरं लावली आहेत," गोंदाजी म्हणाला. "उगमाकडची गावं वरच्या फळीवर, पुढची खालच्या. वरची वाडी आणि खालची वाडी एकाच पाण्यावरची, म्हणून दोघींचे कागद एकाच फडक्यात."

दोन्ही पाटलांनी ते फडकं पाहिलं. दोन गावांचे कागद सतरा वर्षं एकमेकांच्या अंगाला अंग लावून निवांत पडले होते. वरच्या वाडीच्या पाटलांना आधी हसू फुटलं, मग खालच्या वाडीच्या. मग जुन्या कागदातलीच पाळी दोघांनी मान्य केली. सूर्य टेकडीला टेकायच्या आत दोन्ही शिक्के एकदमच पडले, आणि सकाळी पाटातून पाणी खळाळत सुटलं.

सुगी झाली, दरबार भरला. राजानं नेहमीप्रमाणे विचारलं, "या वर्षी काय घडलं?" सगळ्यांच्या नजरा प्रधानजीकडे वळल्या. कराराची कथा गावोगाव गेली होती आणि शेलाही घडी करून तयार होता.

प्रधानजी उठला. "महाराज, आमच्या कचेरीत सतरा वर्षं काहीच घडलं नाही. भांडण नाही, हरवलेला कागद नाही, अपमान झालेला माणूस नाही. मला वाटायचं, ते आपोआप होतं. एक दिवस ही दोघं नव्हती, तर मी दुपारपर्यंत दोन गावांत आग लावून ठेवली. महाराज, माझे सातही शेले यांच्या खांद्यावर उभं राहून मी घेतले, आणि एकदाही खाली वाकून पाहिलं नाही."

राजा सिंहासनावरून उतरून थेट दरबाराच्या दारापाशी गेला, कारण ती दोघं तिथंच उभी होती. त्यानं शेला उलगडला आणि दोघांच्या खांद्यांवर मिळून एकच पांघरला. दोन्ही वाड्यांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की छपरावरची पाखरं उडाली. गोंदाजीनं पुन्हा आढ्याकडे पाहिलं, पण या वेळी डोळ्यांतलं पाणी आवरायला. अंबूबाईनं मात्र ते आवरलं नाही. ती रडली आणि रडता रडता हसली.

त्या वर्षापासून त्या दरबारात राजा दोन प्रश्न विचारू लागला. पहिला, "काय घडलं?" आणि दुसरा, "काय बिघडलं नाही, आणि ते कोणामुळे?" दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं इतकी लांबायची, की दरबार तीन दिवस चालायचा.

तात्पर्य: ज्यांच्यामुळे आपलं काम अडत नाही, त्यांचे आभार मानायला काम अडण्याची वाट पाहू नये.