उत्तम शुक्रवारची घंटा

भाविकांनो, पाद्री मनवेलबाबा त्या काळी दांडेवाडीच्या चर्चमध्ये राहत होते. वाडी कोळ्यांची, खाडीच्या मुखाशी. समुद्रावर धुकं उतरलं की चर्चची घंटा वाजवायची आणि त्या आवाजावर होड्यांनी घर गाठायचं, असा तिथला शिरस्ता. पण उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, घंटा मुकी असते. आदल्या दिवशीच तिचा दोर बांधून टाकतात आणि प्रार्थनेला बोलवायला हातातला लाकडी खटखटा वाजवतात.

त्या वर्षी नेमकं शुक्रवारी पहाटे धुकं दाटलं, आणि गुरुवारी यायची एक होडी अजून बाहेरच होती. विधवा पास्कीनचा एकुलता एक इनास त्या होडीवर होता. ती कैतान मुकादमाकडे धावली. घंटेचा दोर त्याच्या ताब्यात.

“मुकादम, घंटा वाजवा. माझं पोर वाट चुकलंय.”

“माझा भाऊ बस्त्याव पण त्याच होडीवर हाय. मी रडतो का? तुझ्या पोरासाठी धर्म बुडवू?”

बाबा उपवास धरून प्रार्थनेत बसलेले. त्यांना उठवायचा बिचारीला धीर होईना. दुपारी मात्र तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांचे डोळे भरून आले. खटखटा तिच्या हाती देत ते म्हणाले, “बाय, आज प्रभू लाकडावर टांगलाय. तू लाकूडच वाजव. तो ऐकेल.”

पास्कीन किनाऱ्यावर उभी राहून खटखटा वाजवू लागली. कैतान हसला. “याने गल्लीतलं कुत्रं तरी उठेल का?” तिचे तळहात सोलवटले, लाकडाला रक्त लागलं, तरी ती थांबली नाही.

आणि धुक्यातून होडी आली! इनास उतरून आईच्या गळ्यात पडला.

“घंटा ऐकली, म्हणून आलो,” तो म्हणाला. मग कैतानकडे बघून त्याने मान खाली घातली. “मुकादम, पहाटेपासून घंटेची वाट बघत होतो. बस्त्यावकाकाला दम निघाला नाही. किनारा शोधतो म्हणून पाण्यात उतरला, तो परत आलाच नाही. घंटा नंतर वाजली.”

कैतान मनोऱ्याकडे धावला. दोराला त्याने स्वतः मारलेली गाठ तशीच होती. परत येऊन तो वाळूत बाबांसमोर कोसळला. बाबांनी पास्कीनकडे बोट दाखवलं. मुकादमाने तिच्या पायांवर कपाळ टेकलं.

“पास्कीन, माझ्या भावासाठी वाजवशील?”

तिने इनासचा हात सोडला, खटखटा उचलला आणि पुन्हा समुद्राकडे तोंड केलं.