मानाचे जोडे

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या माथ्यावर एक लहानसं राज्य होतं. राज्य लहान, पण दरबाराचा तोरा मोठा.

इतर राज्यांत माणसं दाराशी जोडे काढून दरबारात शिरत. इथे उलटी रीत होती. इथे चाकरीवर रुजू होणाऱ्या प्रत्येकाला दरबाराकडून एक जोड मिळे. काळे कुळकुळीत, टोकाला वर वळलेले, लाल गोंड्याचे जोडे. त्यांना म्हणत मानाचे जोडे. ते पायात असल्याशिवाय दरबारात पाऊल टाकायचं नाही आणि त्यांना सुई-कात्री लावायची नाही, असा नियम होता. लांबी पायागणिक कमीजास्त होई, पण घडण सगळ्यांची एकच. कारण राज्य वसवणाऱ्या पहिल्या महाराजांच्या जोड्यांचा लाकडी साचा जपून ठेवला होता, आणि त्यावरूनच सगळे जोडे शिवले जात.

या दरबाराची आणखी एक गोष्ट दूरदूरवर गाजलेली होती. ती म्हणजे दरबारी चाल. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, किंचित डावीकडे झुकायचं, मग दुसरं पाऊल. परमुलखातल्या राजांचे वकील ती चाल पाहून म्हणत, "वा! काय ही अदब!"

अशा या दरबारात हौसा नावाची मुलगी चोपदार झाली.

चोपदारानं चांदीची काठी घेऊन दाराशी उभं राहायचं. आलेल्या फिर्यादीचं नाव पुकारायचं, त्याचा अर्ज घ्यायचा, लांबलचक दगडी दालन ओलांडून तो महाराजांच्या हाती द्यायचा आणि परत दाराशी यायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सगळं उभ्यानं. या जागेवर आजवर पुरुषच आले होते. हौसानं ती मिळवली आवाजाच्या जोरावर. ती न ओरडता बोलली तरी शब्द वेशीपर्यंत ऐकू जात.

थोरल्या कारभाऱ्यांना ही नेमणूक मुळीच पसंत नव्हती. पन्नास वर्षं दरबारात काढलेला माणूस तो. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं, "पोरी, दसऱ्यापर्यंत तुझी परीक्षा. कामाच्या वेळात एकदा जरी खाली बसलीस, तरी काठी परत द्यायची. आणि मग मी हयात असेपर्यंत दुसरी मुलगी या दारात उभी राहणार नाही."

"कळलं," हौसा म्हणाली. मनात म्हणाली, पाहूच.

पण आठवडाभरातच जोड्यांनी तिला इंगा दाखवला. चवड्याशी ते इतके अरुंद की बोटं एकमेकांवर चढत. टाच उंच, तळ फळीसारखा कडक. महिनाभरात अशी गत झाली, की सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येई. दुपार झाली की ती काठीवर सगळा भार टाकून उभी राही आणि ओठ दाताखाली धरून पुढचं नाव पुकारी.

तिनं मोठ्यांना विचारून पाहिलं. खजिनदार म्हणाले, "कोमट तेल लाव." मुख्य लेखनिक म्हणाले, "मन घट्ट कर. दुखणं मनात असतं."

"माझं टाचेत आहे," हौसा म्हणाली.

थोरले कारभारी तर गालातल्या गालात हसले. "अगं, जोडा चावायचाच. आधी तो पायाला चावतो, मग पाय त्याच्यात मुरतो. तीन वर्षं लागतात."

"तीन वर्षं?"

"मला सात लागली." असं म्हणताना त्यांची छाती अभिमानानं फुगली. "आम्ही कधी हूं की चूं केलं नाही. तुम्हा आजकालच्या पोरींना सगळं मऊ मऊ पाहिजे."

हौसाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण दसरा अजून दोन महिने लांब होता. ती गप्प बसली, आणि दुसऱ्या दिवशी, सुटीच्या सकाळी, डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या म्हातारीकडे जाऊन थडकली. दरबाराचे जोडे याच म्हातारीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिवले जात.

"आजी, माझ्या पायाचं माप घे. आत्ताच्या आत्ता."

म्हातारीनं मान वर न करता दोऱ्याला मेण लावलं. "संध्याकाळी ये."

"संध्याकाळी? मी एवढा डोंगर उतरून आले! तुम्हा म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक गोष्ट नंतर कशी गं लागते?"

"बरं, मग बस इथेच संध्याकाळपर्यंत. बसून कंटाळलीस तर विहिरीचं पाणी भर. रांजण रिकामा आहे."

हौसानं चडफडत पाणी भरलं. बारा खेपा झाल्या. ऊन कलल्यावर म्हातारीनं तिला हाक मारली, जमिनीवर कातड्याचा तुकडा अंथरला आणि म्हणाली, "आता उभी राहा यावर. दोन्ही पायांवर सारखा भार दे." मग कोळशानं एकेका पायाभोवती रेघ ओढली. "बघ. सकाळचा पाय आणि दिवसभर राबलेला पाय एक नसतो. संध्याकाळी तो फुगतो. सकाळचं माप घेतलं असतं तर दुपारपासून पुन्हा रडत बसली असतीस. आणि उभ्यानं काम करणाऱ्याचं माप उभ्यानंच घ्यावं."

हौसा वरमली. पण लगेच तिनं विचारलं, "एवढं सगळं तुला ठाऊक आहे, तर दरबाराचे जोडे असे जीवघेणे का शिवतेस?"

म्हातारी उठली. फडक्यात गुंडाळलेला जुना लाकडी साचा तिनं हौसाच्या हातात ठेवला. त्याच्या तळाला, टाचेच्या पुढे, एक खोल खाच होती.

"ही कसली खाच?"

"रिकिबीची, घोडेस्वार पाय अडकवतो त्या कडीची. पहिले महाराज बारा महिने घोड्यावर असत. रिकिबीतून पाय सुटू नये म्हणून टाच उंच, सहज आत जावा म्हणून चवडा निमुळता, आणि ताठ उभं राहून भाला फेकता यावा म्हणून तळ कडक. घोड्यावरून उतरले की ते जोडे भिरकावून देत आणि अनवाणी फिरत. हे घोड्यावरचे जोडे आहेत पोरी. चालायचे नाहीतच."

हौसा साच्याकडे पाहतच राहिली. "आणि हे तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"विचारलं कुणी? येतो तो जोडे मागतो. पायाचं कुणी बोलतच नाही."

पुढच्या पंधरा दिवसांत म्हातारीनं हौसासाठी नवा साचा कोरला. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली. टाच बसकी केली, पण तिच्यामागची कड भक्कम ठेवली. तळपायाच्या खळग्याखाली जुन्या घोंगडीचा घट्ट घडी केलेला तुकडा बसवला. वरून मात्र तेच काळंभोर कातडं, तोच वळलेला शेंडा, तोच लाल गोंडा. जवळून पाहणाऱ्यालाही फरक कळू नये इतकी सुबक जोड झाली ती.

ती घालून हौसा दरबारात उभी राहिली. कळ एका दिवसात गेली नाही. पहिल्या आठवड्यात सकाळचा खिळा तसाच टोचायचा, पण दुपारचा जाळ थांबला. पंधरवड्यानंतर खिळाही बोथट झाला. हळूहळू काठीवरचा भार सुटला. आवाज मोकळा झाला. आणि कधी नव्हे ते तिचं आजूबाजूला लक्ष जाऊ लागलं. दाराबाहेर धर्मशाळेत आठ-आठ दिवस ताटकळलेली माणसं तिला दिसली. कडेवर मूल घेऊन उभी असलेली बाई दिसली. मग ती आणखी भराभर चालू लागली.

आणि तिथेच ती पकडली गेली.

दसऱ्याला चार दिवस राहिले होते. भर दरबारात थोरले कारभारी उठले. "महाराज, या मुलीनं दरबाराची अदब मोडली आहे. हिची चाल पाहा! सरळ चालते. भरभर चालते. मानाचे जोडे घालून कुणी असं चालूच शकत नाही. हिनं जोड्यांना कात्री लावली असणार."

सगळ्यांच्या नजरा हौसाच्या पायांकडे वळल्या.

"मानाच्या जोड्यांना मी हात लावलेला नाही," हौसा म्हणाली. "ते माझ्या घरी कोनाड्यात आहेत. हे दुसरे आहेत."

"म्हणजे कबूल! काठी खाली ठेव."

काठीवरची हौसाची बोटं आवळली. ही काठी गेली तर आपल्यामागून येणाऱ्या एकाही मुलीला हे दार उघडणार नव्हतं. "ठेवते. पण आधी एक विचारते. महाराज, पूर्वी रोज किती अर्ज आपल्या हाती येत?"

महाराज दिवसभर बसून असत, त्यामुळे त्यांना कधी जोडा चावलाच नव्हता. त्यांनी मुख्य लेखनिकांकडे पाहिलं. लेखनिकांनी वही चाळली. "सात, महाराज. फार तर आठ."

"आणि आता?"

लेखनिकांनी पुन्हा पाहिलं आणि डोळे चोळले. "तीस. काल एकतीस."

"एवढा फरक?" महाराज पुढे झुकले. "मला वाटलं, राज्यात तक्रारी वाढल्या."

"तक्रारी तेवढ्याच आहेत महाराज. दारापासून आपल्यापर्यंत यायला त्यांना वेळ लागायचा," हौसा म्हणाली. "ज्या चालीला आपण अदब म्हणतो, ते लंगडणं आहे. शंभर वर्षं सगळा दरबार लंगडतो आहे आणि आपण ते नव्या माणसाला शिकवतो आहोत." मग तिनं घोड्याची, रिकिबीची आणि साच्यातल्या खाचेची हकिगत सांगितली.

"खोटं!" कारभारी गरजले. "या दरबारातल्या कुणालाही त्रास होत नाही."

महाराजांनी सगळ्या दरबारावरून एकवार नजर फिरवली. मग म्हणाले, "सगळ्यांनी जोडे काढा."

कुणीच हललं नाही. महाराजांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा नाइलाजानं लांब झग्यांखालून एकेक जोड बाहेर आली. आणि काय पाहावं! खजिनदारांच्या जोड्याला करंगळीपाशी भोक पाडलेलं होतं. लेखनिकांची टाच मागून उभी चिरलेली होती. सेनापतींच्या जोड्यातून मूठभर कापूस निघाला. "दुखणं मनात असतं" म्हणणारे लेखनिक छताची नक्षी पाहू लागले.

हौसाला हसू फुटलं. आता वळायचं आणि थोरल्या कारभाऱ्यांना चार शब्द चांगले सुनवायचे, असं ठरवून ती वळली.

कारभाऱ्यांनी आपले जोडे काढून समोर ठेवले होते. त्यांना भोक नव्हतं, चीर नव्हती, कापूस नव्हता. पन्नास वर्षांत एक टाका हलला नव्हता. पण त्यांच्या पायांकडे पाहवत नव्हतं. अंगठे आडवे होऊन शेजारच्या बोटांवर चढले होते. टाचांना शेवाळल्या दगडासारखे घट्टे पडले होते.

"मी कधी कात्री लावली नाही," ते हळू आवाजात म्हणाले. दरबारात ते प्रथमच इतक्या हळू बोलत होते. "नियम होता. मला वाटलं, सगळेच माझ्यासारखे सोसतात. मी चोवीस वर्षांचा होतो तेव्हा एकदा विचारलं होतं, हे असेच का. तेव्हाचे कारभारी म्हणाले, आम्ही नाही का सोसलं?"

हौसाच्या जिभेवर आलेले चारही शब्द तिथेच विरले. तिनं काठी भिंतीला टेकवली, पुढे झाली आणि त्या म्हाताऱ्या पायांसमोर सगळ्या दरबारादेखत खाली बसली.

कामाची वेळ होती. परीक्षा सुरू होती. कारभाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बसलीस पोरी," ते पुटपुटले.

"बसले," हौसा म्हणाली. "हवी तर काठी घ्या."

कारभाऱ्यांनी भिंतीशी टेकवलेली काठी उचलली. त्यांनी ती हौसाच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्या त्या म्हातारीला सांग, मी उद्या सकाळी येतो."

"सकाळी नाही, कारभारीबाबा. संध्याकाळी. आणि तिथे वाट पाहावी लागते."

त्या दसऱ्याला महाराजांनी जुना साचा एका सुंदर पेटीत ठेवून घोड्यांच्या पागेत पाठवला. जागा त्याची तीच होती. त्यानंतर दरबारातल्या प्रत्येकाचे जोडे ज्याच्या त्याच्या पायावर, उभ्यानं, संध्याकाळचं माप घेऊन शिवले जाऊ लागले. वरून ते पूर्वीसारखेच काळेभोर आणि लाल गोंड्याचे असत. धर्मशाळा महिनाभरात रिकामी झाली. परमुलखातले वकील मात्र हळहळले. ती जुनी अदब आता कुठे उरली नाही, म्हणाले.

थोरल्या कारभाऱ्यांची बोटं काही सरळ झाली नाहीत. पण पुढच्या वर्षी दरबारात एक नवी मुलगी रुजू झाली, तेव्हा तिला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोरी, जोडा कुठे लागतो का? लागत असेल तर आजच सांग."

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्ही तर आधी ऐका: जो जोडा आपल्याला चावला, तो पुढच्याच्या पायात घालू नये.