आठ मिनिटं

“मला फसवून दाखवशील? आहे हिंमत?”

सौमित्रदादाने सगळ्यांसमोर विचारलं. वर स्वतःचा गॉगल पणाला लावला.

मी नववीत दोनदा बसलेली. पण गॉगल भारी कुठला, हे मला कळतं. म्हटलं, “लागली पैज.”

इथेच माझी अक्कल चरायला गेली.

माझे आबा म्हणजे ब्रिगेडियर गावंडे, रिटायर्ड. दर उन्हाळ्यात चिखलदऱ्याच्या एका गेस्टहाऊसवर सहा जणांना धाक शिकवतात. म्हणजे, आपल्याकडचा अणुबॉम्ब बघून समोरच्याने त्याचा टाकू नये, तो धाक. सगळी भरपूर शिकलेली, नवी नवी नोकरी लागलेली, उद्या दिल्लीत साहेबलोकांना सल्ले देणारी. सौमित्रदादा त्यांच्यात पहिला नंबर. जेवायच्या रांगेतसुद्धा पहिला नंबर.

आबांची शिकवायची रीत सोपी. दोन खोल्या, दोन देश. दाराखालून चिठ्ठी येते. आठ मिनिटांत ठरवायचं, लाल कार्ड टाकायचं की नाही. लाल म्हणजे बॉम्ब. चिठ्ठी खरी असेल तर खाली आबांची हिरव्या शाईतली सही. टेबलावर फोन, तो समोरच्या देशात वाजतो. आणि सही न बघता लाल टाकणारा चारच्या एसटीने घरी. कोर्स खलास, दिल्ली खलास.

मी त्याच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. ‘समोरून बॉम्ब सुटला.’ सही नाही.

सातव्या मिनिटाला त्याने लाल टाकलं.

मी पोट धरून हसले. मग आबांनी त्याला बॅग भरायला सांगितली, आणि माझं हसू बंद झालं.

साडेतीनला तो आबांपुढे उभा. खांद्याला बॅग. मी खिडकीपाशी, अगदी गरीब गाय.

“सही बघितली नाहीस?”

“घड्याळ बघत होतो, सर.”

“फोन उचलायचा.”

“उचलला असता तर समोरच्यांना वाटलं असतं, आपण घाबरलो.”

“आणि नव्हतास घाबरलेला?”

“होतो. फार.”

आबा चष्मा पुसत बसले. चांगला पुसलेला चष्मा परत पुसला.

“चिठ्ठी कोणाची, माहीत आहे?”

त्याने माझ्याकडे बघितलं. झालं! म्हटलं आता हा माझं नाव घेणार, आणि आबा मला उद्याच आईकडे अमरावतीला धाडणार.

“कोणाची का असेना, सर. कार्ड माझ्या हाताने पडलं.”

आबांनी मान हलवली. सौमित्रदादा निघाला. जाता जाता खिशातून गॉगल काढला आणि माझ्यापुढे खिडकीत ठेवला.

“घे गं. जिंकलीस तू.”

चिडून म्हणाला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. पण चिडलाच नाही ना तो...

गॉगलला हात लावायचं धाडस होईना. तो दारापर्यंत पोचला.

“आबा.”

“काय?”

“चिठ्ठी... मी टाकली.”

म्हटलं, आता कान धरतात. नाही धरला.

“हे सांगायला तुला किती वेळ लागला?”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “पाऊण तास.”

“भीती कशाची वाटत होती?”

“तुम्ही ओरडाल, याची.”

“एवढीच?”

“एवढीच.”

आबा उठले. दाराशी गेले. सौमित्रदादाच्या खांद्यावरची बॅग स्वतःच्या हाताने उतरवली आणि टेबलाखाली सरकवली.

“पाऊण तास,” ते म्हणाले. “आणि याला मी आठ मिनिटं दिली होती.”