राजाचे रिकामे घर

फार पूर्वी एक वृद्ध शिल्पी नाईल नदीच्या काठी राजांची नावे दगडावर कोरीत असे. त्या देशाची रीत ठरलेली होती. महालाची चौकट काढायची, तिच्यात राजाचे नाव लिहायचे आणि वर छपरावर ससाणा बसवायचा. ससाणा म्हणजे होरस देव. मारल्या गेलेल्या पित्याचे, ओसायरिसचे, राज्य त्याने परत मिळवले. तेव्हापासून गादीवर येणारा प्रत्येक जण होरसच्या नावानेच राज्य करी.

नवा राजा तरुण होता. दोन लढाया जिंकल्या आणि त्याला आकाश ठेंगणे झाले. त्याने फर्मान धाडले, "आमच्या डोक्यावर पाखरू नको. नाव वर, ससाणा खाली. हुकूम मोडाल तर हात कलम होतील."

शिल्प्याचा शिष्य संतापला. "गुरुजी, हा देवाचा अपमान आहे. तुम्ही स्पष्ट नाही म्हणा!"

"गेरू कालव," एवढेच गुरुजी म्हणाले.

कोरण्याआधी दगडावर गेरूने आखणी करीत. गुरुजींनी ती हुकमाबरहुकूम केली. शिष्याने तोंड फिरवले. ज्यांचे पाय धरले तेच जिवाला भ्याले, याचे त्याला फार वाईट वाटले.

राजा पाहायला आला. सर्वांत वर स्वतःचे ठळक नाव पाहून तो खूश झाला. मग त्याची नजर ससाण्यावरून खालच्या चौकटीवर उतरली.

"हा महाल रिकामा का?"

"महाराज, धनी ससाण्याच्याही वर चढला, मग घरात कोण उरणार?" शिल्पी शांतपणे म्हणाला. "ससाणा कुणाला लहान करायला बसत नाही. तो ज्या छपरावर बसतो ते राजाचे घर, एवढेच लोकांना कळते. आपले आजोबा गेले, वडील गेले. पाखरू तेच आहे. आज ते रिकाम्या घरावर बसलेले दिसेल. गादीला वारस हवा आहे, असेच लोक समजतील."

राजाचा चेहरा उतरला. त्याने वरच्या नावाकडे बोट केले.

"पुसा ते," तो म्हणाला. "मला आत घ्या."

राजा गेल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, हे त्यांना आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगून त्याचा हट्ट वाढला असता, बाळा. आपले घर रिकामे झालेले ज्याचे त्यालाच दिसावे लागते."

गुरुजींनी ओले फडके पुढे केले. शिष्याने खाली मान घालून ते घेतले आणि वरचे नाव पुसले. ससाण्याला हात लावण्याची गरजच पडली नाही.