पहिली गूळपोळी कोण मोडणार?

उंबऱ्याखाली एक बीळ. बिळात एक मुंगी. तिचं नाव ठिपकी. ठिपकी नावापेक्षाही थोडी लहानच होती.

घर होतं सगुणामावशीचं. आज संक्रांत. मावशीने गूळपोळ्या केल्या. तीळ भाजले, चट् चट्. गूळ किसला, खर्र खर्र. पोळ्या लाटल्या, भाजल्या, ताटात रचल्या. घरभर वास. अंगणात वास. बिळातसुद्धा वास!

मावशीची एक रीत होती. पहिली पोळी मोडली की एक तुकडा उंबऱ्यावर. तो मुंग्यांचा वाटा. दर संक्रांतीला. न चुकता.

पण आज उंबऱ्यावर काहीच नाही. ठिपकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. रांगोळीच्या कडेला पाहिलं.

तुकडा नाही!

बिळातून धाकटी भावंडं ओरडली, "ताई गं, आला का तुकडा?"

"येईल हं, येईल."

"लवकर आण गं! दिवा लागला की दार बंद!"

खरंच होतं ते. मुंग्यांचा नियम मोठा कडक. घरात दिवा लागला की बिळाच्या दाराला खडा. बाहेर राहिली ती बाहेरच. एकटी. थंडीत.

ठिपकीने उन्हाकडे पाहिलं. ऊन अंगणात होतं. म्हणजे वेळ होता. थोडासा.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली स्वयंपाकघरात.

"मावशी, मावशी, माझा तुकडा?"

"अगं, पोळी मोडल्याशिवाय तुकडा कुठला? एकही मोडली नाही अजून."

"मग मोड ना!"

"बाई बाई, अशी कशी मोडू? घरात मोठी माणसं आहेत. आधी आजोबा खातील. मग मी मोडीन."

असं म्हणून मावशीने पोळ्यांकडे पाहिलं. आवंढा गिळला. गट्!

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली आजोबांकडे. आजोबा म्हणजे मावशीचे सासरे. ते खुर्चीत ताठ बसले होते. त्यांची भूकही शेजारी ताठ बसली होती.

"आजोबा, आजोबा!
मावशी पोळी मोडेना,
मोडल्याविना तुकडा पडेना,
तुकड्याविना मला घरी जाववेना!
आजोबा, तुम्ही खा ना!"

"छे छे! घरी जावई आलेत. पाहुण्यांच्या आधी खायचं? लोक काय म्हणतील?"

लोक तिथे कोणीच नव्हते. एक मुंगी होती.

"आधी जावईबापू खातील. मग मी खाईन."

असं म्हणून आजोबांनी आवंढा गिळला. गट्!

ऊन तुळशीपाशी गेलं. ठिपकीच्या छातीत धकधक. धकधक.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली ओसरीवर. तिथे जावईबापू बसले होते. नवा सदरा, कडक इस्त्री. हलायची चोरी.

"जावईबापू, जावईबापू!
आजोबा पोळी खाईनात,
मावशी पोळी मोडेना,
मोडल्याविना तुकडा पडेना,
तुकड्याविना मला घरी जाववेना!
जावईबापू, तुम्ही खा ना!"

"नको, नको! मी आधी हात घातला तर म्हणतील, काय हा अधाशी जावई! आधी आमचा गुंडू खाईल. मग मी खाईन. मला तशी भूक नाहीच."

"गुर्रर्र!" जावईबापूंचं पोट म्हणालं. ते मात्र खरं बोलत होतं.

जावईबापूंनी आवंढा गिळला. गट्!

ऊन कुंपणावर चढलं. ठिपकीच्या छातीत धकधक. धकधक.

तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली पायरीवर. तिथे जावईबापूंचा गुंडू बसला होता. मांडीवर मांजर होतं.

"गुंडू, गुंडू!
जावईबापू पोळी खाईनात,
आजोबा पोळी खाईनात,
मावशी पोळी मोडेना,
मोडल्याविना तुकडा पडेना,
तुकड्याविना मला घरी जाववेना!
गुंडू, तू खा ना!"

"नाई! आदी मनी खाईल. मनी माजी दोश्त. मग मी!"

असं म्हणून गुंडूनेही आवंढा गिळला. गट्! मोठ्यांचं बघून शिकला होता.

ठिपकी मान वर करून मनीकडे बघू लागली. मनी केवढी मोठी! मिशासुद्धा ठिपकीपेक्षा लांब.

"मनी, मनी!
गुंडू पोळी खाईना,
जावईबापू पोळी खाईनात,
आजोबा पोळी खाईनात,
मावशी पोळी मोडेना,
मोडल्याविना तुकडा पडेना,
तुकड्याविना मला घरी जाववेना!
मनी, तू खा ना!"

"म्याँव! आज सण आहे. सणाला आधी गाय खाईल. मग मी खाईन. रोज चोरून खातेच आहे. आज तरी मला रीतीने खाऊ दे!"

असं म्हणून मनीने आवंढा गिळला. गट्!

ऊन आंब्याच्या शेंड्यावर गेलं. आता थोडंच उरलं. धकधक! धकधक!

"ताई गं!" बिळातून बारीक आवाज आला. "खडा काढून ठेवलाय गं दाराशी!"

"आले रे, आले!"

तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. ठिपकी गेली गोठ्यात. गोठ्यात चंद्री गाय.

"चंद्री, चंद्री!
मनी पोळी खाईना,
गुंडू पोळी खाईना,
जावईबापू पोळी खाईनात,
आजोबा पोळी खाईनात,
मावशी पोळी मोडेना,
मोडल्याविना तुकडा पडेना,
तुकड्याविना मला घरी जाववेना!
चंद्री, तू खा ना!"

"हम्मा!" चंद्री म्हणाली. "आधी लहान जीव खाईल. मग मी खाईन. आमच्या गोठ्याची रीत आहे ती."

"लहान म्हणजे कोण?"

"सगळ्यांत लहान."

"गुंडू?"

"गुंडूपेक्षा मनी लहान."

"मग मनी?"

"मनीपेक्षा चिमणी लहान. चिमणीपेक्षा मुंगी लहान."

"मग कोण?"

"मग काय? तू!"

असं म्हणून चंद्रीने आवंढा गिळला. गाईचा आवंढा तो. गटाक्!

"मी?" ठिपकी मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं. टिप्. टिप्.

"अगं चंद्री,
मी पोळी खाईना,
म्हणून तू पोळी खाईनास,
मनी पोळी खाईना,
गुंडू पोळी खाईना,
जावईबापू पोळी खाईनात,
आजोबा पोळी खाईनात,
मावशी पोळी मोडेना,
मोडल्याविना तुकडा पडेना..."

ठिपकी थांबली. पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. वरती मी. खालती मी. मधे सगळं घर उपाशी!

सगळी माणसं भली. सगळी जनावरं भली. म्हणून पोळ्या तशाच!

"चंद्री, मग मीच मोडू?"

"मोड की. पण पळ बाई! ऊन गेलं!"

खरंच. आंब्याच्या शेंड्यावर ऊन नव्हतं. घरात मावशीने समईत तेल घातलं. वात सारखी केली. काडेपेटी हातात घेतली.

तुरुतुरुतुरुतुरुतुरु!

ठिपकी गोठ्यातून अंगणात. अंगणातून ओसरीवर. ओसरीवरून घरात. ताटावर चढली. पाय घसरला. सर्रर्र! पुन्हा चढली. वरची पोळी केवढी! अंगणाएवढी. आणि ठिपकी एवढीशी.

मावशीने फुंकर घातली तर? आजोबांनी टिचकी मारली तर?

ठिपकीने डोळे मिटले. तोंड उघडलं.

कुट्!

खुसखुशीत पोळी ती. कुट् म्हणताच कडेला चीर गेली. कड् कड् कड्! पोळीचे दोन तुकडे!

मावशी दचकली. काडेपेटी खाली ठेवली. "अगंबाई! पोळी मोडली!"

"कोणी? कोणी मोडली?" सगळे धावत आले. रागावून नाही. किती बरं वाटलं त्यांना!

"मी," ठिपकी म्हणाली. आवाज एवढासा.

"मोडकी पोळी पाहुण्यांच्या पानात कशी वाढू?" मावशी म्हणाली. "ही गेली चंद्रीला!"

मग काय!

मुंगीने खाल्ली, कुट्!
म्हणून चंद्रीने खाल्ली, च्याम् च्याम्.
चंद्रीने खाल्ली, म्हणून मनीने खाल्ली, लप् लप्. तूप आधी, पोळी मग.
मनीने खाल्ली, म्हणून गुंडूने खाल्ली, मुटूमुटू.
गुंडूने खाल्ली, म्हणून जावईबापूंनी खाल्ली. भूक नव्हती त्यांना. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीकडे पाहून "नको, नको" म्हणत तीही खाल्ली.
जावईबापूंनी खाल्ली, म्हणून आजोबांनी खाल्ली. खुर्चीत ताठ बसून. मिशीला तूप लागलं.
आजोबांनी खाल्ली, म्हणून मावशीने स्वतःसाठी पोळी मोडली. कड्!

पोळी मोडली, तुकडा पडला. टप्!

"सूनबाई, अंधारलं," आजोबा म्हणाले. "दिवा लाव."

ठिपकीच्या छातीत धकधक! धकधक! धकधक!

मावशीने काडेपेटी उचलली. मग तुकड्याकडे पाहिलं. ठिपकीकडे पाहिलं. कपाळावर हात मारला.

"अगं बाई गं, मुंग्यांचा वाटा! थांबा हो मामंजी. आधी मुंग्या. मग दिवा."

मावशीने तुकडा उचलला. ठिपकीसकट उचलला. उंबऱ्यावर ठेवला, बिळाच्या अगदी तोंडाशी.

"ताई आली! तुकडा आला!" भावंडं बाहेर धावली. "ओढा रे! हैशा! हैशा!"

तुकडा आत. ठिपकी आत. दाराला खडा, टुक्!

घरात दिवा लागला.

बिळात सगळे तुकड्याभोवती बसले. तिळाचा वास. गुळाचा वास. सगळ्यांनी आवंढा गिळला. गट्, गट्, गट्.

मग एक भाऊ म्हणाला, "आधी ताई."

एक बहीण म्हणाली, "आधी धाकटा."

धाकटा म्हणाला, "नाही, नाही. आधी..."

"खबरदार!" ठिपकी ओरडली. "आधीबिधी कोणी नाही! सगळ्यांनी एकदम! तोंड उघडा!"

सगळ्यांनी तोंडं उघडली. आणि एकदमच,

कुट्!

बीळ बंद, ताट रिकामं, गोष्ट पोटात.